रुक्मिणीबाई आणि तीनशे आठ

"तुला इथं कोणी पाठवलं?"

रुक्मिणीबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नेमणुकीचं पत्र हातात धरून त्यांच्या टेबलासमोर उभी होते. नवऱ्याची बँकेतली बदली चेन्नईला झाली म्हणून सांगलीहून आलेली, रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली आणि घरात बसून कंटाळलेली. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत डोळ्यांची औषधं बनवणारा एक लहान कारखाना होता. त्याच्या तपासणी विभागात मला नोकरी लागली होती, आणि बाई त्या विभागाच्या प्रमुख होत्या.

"जाहिरात वाचून आले," मी म्हटलं.

"जाहिरात वाचून," बाई म्हणाल्या. "मराठी मुलगी. नेमकी माझ्याच हाताखालीं. आणि ती म्हणे जाहिरात वाचून." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पत्राकडे, मग पत्र उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूकडे. "सेरी. बरं, बैस."

बाई तंजावरच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं, आणि आता मैलापूरला स्थायिक झालेलं. त्यांची मराठी ऐकताना जुनी पोथी कोणीतरी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटायचं. 'आहे'चं 'अहे', 'नाही'चं 'नाहीं', आणि वाक्य संपताना आवाज वर चढलेला. पहिला आठवडा मला निम्मं कळत नव्हतं. त्यांना माझं सगळं कळायचं, पण आवडायचं नाही. "तुझी मराठी टीव्हीतली," त्या म्हणायच्या. "जाहिरातीसारखी पळते."

आम्ही दोघी मराठीत बोलू लागलो की प्रयोगशाळेतली बाकीची माणसं गप्प व्हायची. आमच्याबद्दलच चाललंय, असं प्रत्येकाला वाटायचं. खरं तर बहुतेक वेळा बाई मला बीकर नीट धुतला नाही म्हणून बोलत असायच्या.

संशय हा बाईंचा स्वभाव होता असं म्हणणं अपुरं आहे. तो त्यांचा रोजचा उद्योग होता. कॅन्टीनचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. घरची कॉफी थर्मासमधून यायची. देवळातून आलेल्या प्रसादाच्या पुडीवर सुद्धा त्या तारीख शोधायच्या. कोणी लग्नाची पत्रिका दिली तर त्या दिवशी मुहूर्त आहे का हे पंचांगात बघून मगच अभिनंदन करायच्या. त्यांचा नवरा सुंदरराव रेल्वेतून निवृत्त झालेला, मधुमेही. तो संध्याकाळी फिरायला जातो ते पायांसाठी की कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानासाठी, याचा छडा लावायला त्या एकदा अर्धा दिवस रजा घेऊन घरी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय निघालं?"

"पायांसाठींच जातो," बाई जरा हिरमुसून म्हणाल्या. "पण मला पाहिलं असेल त्यानं."

यंत्रांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तराजूत तेच वजन दोनदा आलं की त्या मला तिसऱ्यांदा ठेवायला लावायच्या. "तीन वाचनं जशींच्या तशीं आलीं तर समज, यंत्र झोपलंय. नाहींतर माणूस झोपलाय. खरं मोजमाप थोडं हलतं गे."

आमच्या कारखान्याचा मुख्य माल म्हणजे सलाइनचे थेंब. शुद्ध पाण्यात मोजून मीठ, बाकी काही नाही. पण ते मीठ नेमकं असावं लागतं. का, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. बाईंनी ते दुपारच्या जेवणात पुन्हा शिकवलं. माझ्या डब्यात काकडी होती. त्यांनी दोन फोडी उचलल्या, एकीवर मीठ टाकलं, दुसरी साध्या पाण्यात सोडली आणि मला जेवू दिलं नाही. थोड्या वेळानं मिठाची फोड मऊ पडून तिच्याभोवती पाणी सुटलं होतं. पाण्यातली आणखी टणक झाली होती.

"कोशिंबीर करतेस ना? मग माहीत अहे तुला," बाई म्हणाल्या. "जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी पडद्यातून पळतं. तें पळणं थोपवायला जेवढा जोर लावावा लागेल, तो ऑस्मोटिक प्रेशर. डोळ्यांत घातलेलं पाणी आणि डोळ्यांतलं पाणी, दोन्हींचा जोर सारखा पाहिजे. मीठ जास्त झालं तर डोळ्याच्या पेशी सुकतील. कमी झालं तर फुगतील. आतां हिशेब कर."

"आत्ता? जेवताना?"

"भूक असतांना चूक लौकर सांपडते."

मी कागदावर मांडलं. एका लिटरात नऊ ग्रॅम मीठ. मिठाच्या रेणुभारानं, साडेअठ्ठावन्ननं, भागलं. पाण्यात मिठाचे दोन तुकडे होतात म्हणून दुप्पट केलं. आलं शून्य पूर्णांक तीनशे आठ. हा जोर मोजणारं आमचं यंत्र, ऑस्मोमीटर, हजारांशात बोलायचं, म्हणून त्याच्या भाषेत नुसतं तीनशे आठ. मग वायूचा स्थिरांक आणि शरीराचं तापमान यांनी गुणलं. तापमान मी सेल्सिअसमध्येच घेतलं होतं. बाईंनी बोट ठेवलं. मी ते केल्व्हिनमध्ये केलं, आणि उत्तर आठ वातावरणांच्या जरासं आत आलं.

"आठ वातावरणं म्हणजे किती, कळतं कां? मैलापूरचं गोपुर अहे ना, त्यावर तसंच दुसरं ठेवलंस तर तेवढ्या उंच पाणी चढवील हा जोर. एवढासा थेंब." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. मग आवाज खाली आणला, जणू कोणी ऐकत होतं. "पण हा आंकडा खोटा अहे."

"मी बरोबर केलाय, बाई."

"बरोबर केलास म्हणूनच खोटा. कागदावर मिठाचे दोन तुकडे एकमेकांपासून मोकळे. पाण्यांत तसे नसतात, एकमेकांना ओढतात. म्हणून यंत्रांत तीनशे आठ येत नाहीं. दोनशे सत्त्याऐंशीच्या आसपास येतं. आज थोडं वर, उद्यां थोडं खालीं."

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला तपासायला एक बाटली दिली. लेबल नेहमीचं. यंत्रात लावली तर आकडा जवळजवळ शून्य. मी यंत्र पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा शून्य. माझं काहीतरी चुकतंय याची मला इतकी खात्री होती की मी यंत्र आणखी एकदा पुसलं. नवी नोकरी, परकं गाव, आणि साधं मीठ-पाणी मोजता येत नाही. शेवटी बाईंपुढे जाऊन उभी राहिले. "शून्य येतंय, बाई. का ते मला कळत नाही."

बाईंनी कॉफीचा घोट घेतला. "शुद्ध पाणी होतं. मीच भरलं. दोनशे सत्त्याऐंशी म्हणाली असतीस तर आजचा दिवस शेवटचा होता."

मला इतका राग आला की बाहेर जाऊन उभी राहिले. मालकांनी आपल्यावर नजर ठेवायला मराठी मुलगी आणून बसवली, असा त्यांचा इतके दिवस समज होता, हे मला नंतर दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून मात्र माझ्यासाठी थर्मासच्या झाकणात कॉफी येऊ लागली.

संशयाची किंमत नेहमी बाईंनाच मोजावी लागली असं नाही. बाटल्या धुण्याच्या कामाला पोन्नम्मा नावाची बाई होती, सैदापेटला राहणारी. प्रयोगशाळेतलं स्पिरिट कमी भरू लागलं आणि बाईंनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "नवऱ्यासाठी नेतेस का?" पोन्नम्मानं हातातला ब्रश खाली ठेवला आणि ती निघून गेली. पुढच्या आठवड्यात बाईंनाच कॅनच्या झाकणाला बारीक चीर दिसली. स्पिरिट उडून जात होतं. त्या संध्याकाळी त्या मला घेऊन सैदापेटला गेल्या. नदीकडच्या गल्लीत पोन्नम्माचं घर होतं. बाई दारातच उभ्या राहिल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "माझं चुकलं. झाकण फुटलेलं होतं."

पोन्नम्मा आत बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "झाकणाला आधी विचारायचं होतं, अम्मा," ती म्हणाली.

ती परत आली नाही. आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. "मग आता तरी संशय घेणं सोडाल का?" मी धीर करून विचारलं.

"नाहीं," बाई म्हणाल्या. "पण माणसाच्या आधीं वस्तूवर घेईन."

आणि त्यांनी तो शब्द पाळला. म्हणूनच पुढचं घडलं तेव्हा त्यांनी सेल्वराजला आधी जाब विचारला नाही.

सेल्वराज उत्पादन विभागाचा प्रमुख. हसतमुख, सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणणारा, कोणाचंही काम अडू न देणारा. बाई सोडून सगळ्यांचा लाडका. उन्हाळ्याचे दिवस होते. एका संस्थेच्या नेत्रशिबिरासाठी सलाइनची मोठी ऑर्डर निघायची होती, आवारात ट्रक उभा होता. ऑस्मोमीटर खालच्या मजल्यावर असायचं, कारण तिथला एसी चांगला होता. नियमानं मोजायचं काम आमचं, पण मी दुसऱ्या तपासणीत अडकले होते, आणि सेल्वराज म्हणाला, "मीच लावतो, त्यात काय आहे!" थोड्या वेळानं त्याचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, झालं. तीनशे आठ."

बाईंनी विचारलं, "किती वेळां लावलंत?"

"तीनदा. तिन्ही वेळा तीनशे आठ. एकदम परफेक्ट."

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

खाली गेल्यावर त्या सेल्वराजशी बोलल्याच नाहीत. सरळ यंत्रापाशी गेल्या, थेंब लावला, बटण दाबलं. पडद्यावर बिघाडाची खूण आली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग त्या वळल्या.

सेल्वराज हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "सकाळपासून बंद आहे, मॅडम. इंजिनीअर बंगळूरहून यायचाय. ट्रक थांबलाय म्हणून मी हिशेब केला. मीठ मोजूनच घातलंय. गणित चुकत नाही."

"गणित चुकत नाहीं," बाई म्हणाल्या. "घालणारा चुकतो."

तेवढ्यात मालक आले. शिबिर दुसऱ्या दिवशी होतं. त्यांनी बाईंना अतिशय गोड शब्दांत समजावलं: वर्षानुवर्षं हेच पाणी आपण बनवतो, एका दिवसासाठी अडवून काय मिळणार? बाई म्हणाल्या, "दुपारपर्यंत द्या. यंत्राशिवाय मोजून दाखवतें."

द्रावण जितकं खारट, तितकं ते शून्याच्या खाली जाऊन गोठतं, आणि ऑस्मोमीटरही आतल्या आत तेच मोजत असतं. म्हणजे बर्फ आणि चांगला थर्मामीटर असला की झालं. थर्मामीटर बाईंच्या कपाटात होता, अंशाच्या दहाव्या भागाच्या रेघा असलेला, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला. बर्फ समोरच्या उसाच्या रसवाल्याकडून आणला. तो फोडून बादलीत घातला, आणखी गार व्हावा म्हणून त्यात मूठभर मीठ टाकलं.

"सेल्वराज, बघायला या," बाईंनी हाक मारली.

"मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला आणि ट्रकवाल्याशी बोलायला गेला. मालक आपल्या खोलीत गेले. उरलो आम्ही दोघी.

"तूच कर," बाई म्हणाल्या. "बाटली तूच निवड. मी हात लावणार नाहीं."

आधी टेस्टट्यूबमध्ये शुद्ध पाणी घेऊन ती बर्फात धरली. ते बरोबर शून्यावर गोठलं, म्हणजे थर्मामीटर ठीक होता. मग मागच्या मालातली बाटली. पारा खाली जात राहिला, जिथं थांबायला हवा त्याच्याही खाली, आणि अचानक नळीत बर्फाचे कण चमकले तसा उसळून वर येऊन स्थिरावला. शून्याखाली अर्ध्या अंशाला जरा पुढे. बरोबर. मग आजच्या मालातली सीलबंद बाटली मी खोक्याच्या तळातून काढली. पारा खाली गेला, खूप खाली, उसळला आणि थांबला. शून्याच्या खाली एक अंश आणि थोडं जास्त.

दुप्पट मीठ.

आणि लगेच माझ्या मनात एक विचार आला, ज्याची मला लाज वाटली. या बाटलीसाठीची टेस्टट्यूब बाईंनी आधीच धुऊन दिली होती. सेल्वराज त्यांना आवडत नव्हता. नळीच्या तळाशी मिठाचे चार कण राहिले असते तर कोणाला दिसणार होतं?

तरी मी बोलले. "बाई, ही नळी तुम्ही धुतली होतीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कॉफी बंद. पण त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. एवढ्या काळात मी त्यांना इतकं आनंदलेलं पाहिलं नव्हतं.

"आतां शिकलीस," त्या म्हणाल्या. "परत कर. नवीन नळी. तूच धू, तूच पूस. मी बाहेर उभी राहतें." आणि खरंच उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

मी पुन्हा केलं. पारा पुन्हा तिथंच थांबला, केसभर इकडे तिकडे.

"बर्फ आणि थर्मामीटर!" आम्ही आकडा दाखवायला गेलो तेव्हा मालक म्हणाले. "ही काय शाळा आहे?" मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "आणि साक्षीदार कोण, तर तुमच्याच भाषेची."

"या थेंबानं कोणी मरणार नाहीं," बाई शांतपणे म्हणाल्या. "नुकतं ऑपरेशन झालेला डोळा जळेल. आणि ती म्हातारी माणसं म्हणतील, औषध असंच असतं. तक्रार सुद्धां करणार नाहींत. मी सही करत नाहीं. तुम्ही पाठवलंत तर शिबिराच्या डॉक्टरांना मी फोन करतें."

ट्रक रिकामा गेला. शिबिरानं दुसरीकडून माल घेतला आणि आमच्याकडे पुन्हा ऑर्डर दिली नाही.

इंजिनीअर आला, यंत्र सुरू झालं, आणि न उघडलेल्या बाटल्यांचे आकडे दुपटीच्या जवळपास निघाले. माल बनवला त्या दिवशी पाळी बदलताना सकाळच्या माणसानं मीठ घातलं होतं, आणि दुपारच्यानं, घातलेलं नाही असं समजून, पुन्हा. दोघंही साधी माणसं. बाईंनी त्यांच्याबद्दल एक शब्द काढला नाही. सेल्वराज क्षमा मागायला आला तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "मीठ दोनदां पडणं ही चूक. न पाहिलेला आंकडा पाहिला म्हणून सांगणं, ही चूक नव्हे. तिला दुसरं नांव अहे."

सेल्वराजची बदली विक्री विभागात झाली. तिथंही तो लाडका झाला, आणि तिथूनच कुजबूज सुरू झाली. बाईंना म्हणे दुसऱ्या कंपनीनं फोडलंय. ऑर्डर घालवायला त्यांनीच काहीतरी केलं. बंद यंत्राच्या दिवशीच कसं बरं सापडलं? मराठीत काय चाललं होतं त्या दोघींचं? यंत्रानं आकडा दिला तरी कुजबूज थांबली नाही. कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. घरी नवऱ्याशी बोलताना मी रडले सुद्धा. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घेऊं दे संशय. फक्त तपासा म्हणावं. तपासत कोणी नाहीं, हेंच वाईट."

बाई निवृत्तीच्या वयाला आल्या होत्या. त्यांच्या जागी बसणाऱ्यांना दोन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळायचा रिवाज होता. बाईंना मिळाली नाही. पत्रावर कारण नव्हतं. त्यांनी ते उलटं करून मागची बाजू पाहिली, आणि घडी घातली.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी झाला. खांद्यावर जरीची शाल घातली गेली, मालक चार चांगले शब्द बोलले, सेल्वराजनं केक आणला. बाईंनी केकचा तुकडा हातात घेतला, त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि एका घासात खाल्ला. "चांगला अहे," त्या म्हणाल्या. सगळे हसले, सेल्वराजही.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला निघाले. त्याच महिन्यात गेटवर नवा नियम आला होता: जाताना प्रत्येकाची पिशवी तपासायची. प्रत्येकाची असं लिहिलं होतं, पण तो कोणासाठी काढलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. वॉचमन म्हातारा होता, बाईंना रोज वणक्कम करणारा. शाल पाहून तो खुर्चीतून उठला आणि हात हलवत म्हणाला, "जा अम्मा, जा. तुमची नको."

बाई थांबल्या. "का नको?"

"आज शेवटचा दिवस, अम्मा. तुमची काय तपासायची?"

"शेवटच्या दिवशींच माणूस नेतो," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि स्वतःच चेन उघडली. मागं ऑफिसच्या खिडकीत मालक उभे होते. मला दिसत होते, बाईंना दिसले की नाही सांगता येत नाही. थर्मास निघाला, डबा, छत्री, पंचांग, चष्म्याचं घर. वॉचमन नजर टाळून एकेक वस्तू नुसती पाहिल्यासारखं करत होता. मग त्यानं घाईघाईनं सगळं परत आत भरलं आणि दोन्ही हातांनी पिशवी त्यांच्यापुढे धरली. त्याचे डोळे भरून आले होते.

बाईंनी पिशवी घेतली नाही.

"बाजूचा कप्पा कोण बघणार?" त्या म्हणाल्या.